त्या आडव्या रेघेबद्दल आभार
डेबियन १२ ही संगणकप्रणाली बसवताना मी रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, वेगळा पासवर्ड दिला. तसे केल्यास नेहमीच्या खात्याला ‘सुडो’चा, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा चालवण्याचा, अधिकार आपोआप मिळत नाही, हे उबुंटू या दुसऱ्या प्रणालीची सवय असल्यामुळे मला ठाऊक नव्हते. आईच्या वहीतल्या पाककृती मराठीत टंकण्यासाठी ‘आयबस-एम१७एन’ हे टंकलेखनाचे साधन बसवायला हवे होते आणि प्रत्येक आज्ञेला नकार येत होता. ‘सु’ ही आज्ञा लिहून रूट झाल्यावरही खात्यात बदल करणारी ‘यूजरमॉड’ ही आज्ञा सापडत नाही असा संदेश आला, तेव्हा माझा धीर सुटला.

अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या एका ताईंनी आपले पुस्तक मिटले, पडदा शांतपणे वाचला आणि ‘सु’नंतर जागा सोडून आडवी रेघ (-) द्यायला सांगितली, कारण तिच्यामुळेच रूटचे शोधमार्ग, म्हणजे आज्ञा कुठे शोधायच्या त्या जागांची यादी, मिळतात. मग खाते सुडो गटात घालून, लॉगआउट करून पुन्हा आत यायला लावले. कीबोर्डला त्यांनी एकदाही हात लावला नाही. ‘आता काय होईल, सांगा बरं,’ असे विचारत प्रत्येक आज्ञा माझ्याकडूनच लिहून घेतली आणि जाताना ती रेघ माझ्या वहीत पेन्सिलीने ठळक काढून दिली.

त्याच संध्याकाळी ‘कटाची आमटी’ टंकून झाली. ताई, तुमचे नाव विचारायचे राहिले; तुमचे मनःपूर्वक आभार.