जीआय पाइपचे जोड आणि खरवडायचे राहून गेलेले जस्त

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकणात गच्चीवरच्या शेडची आणि कठड्यांची कामे एकदम निघतात, आणि त्यांतली बरीचशी पातळ जीआय पाइपची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पाइपची असतात. पाइपला भोक पडते, टाका धरत नाही, ठिणग्या फार उडतात, अशा तक्रारी घेऊन माझे जुने विद्यार्थी अजूनही फोन करतात आणि दोष वेल्डिंगच्या मशीनला किंवा रॉडला देतात. संधाता (वेल्डर) हा व्यवसाय मी बरीच वर्षे शिकवला, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो.

पाइपवरचे जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळायला मात्र सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे पोलादाचा रस तयार होण्याआधीच जस्ताची वाफ झालेली असते, ती आर्कला, म्हणजे रॉड आणि पाइप यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीला थरथरवते, रस उडवते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर जोडातच छिद्रे करून राहते. आर्क टिकत नाही असे पाहून नवखा कारागीर अँपिअर वाढवतो, आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीची भिंत तेवढ्याने आरपार जाते. मग ते भोक बुजवण्यासाठी रॉडचे थर चढतात. वरून सारे भरलेले दिसते, पण स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली रॉडच्या लेपाची कवची, ठोकून पाहिला की आतली चाळण कळते.

जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त सुमारे २५ मिलिमीटरपर्यंत ग्राइंडरने काढावे, आणि पाइपच्या तोंडाशी आतूनही गोल कानस फिरवावी, कारण आतले जस्त हमखास विसरले जाते. तोंडे घट्ट बसतील अशी कापावीत. फट राहिली तर पातळ पाइपला रस पेलत नाही. अडीच मिलिमीटरचा ६०१३ जातीचा रॉड ६० ते ७० अँपिअरवर, आर्क आखूड ठेवून, थोडे-थोडे टाके देत आणि मधे थंड होऊ देत चालवावा. इन्व्हर्टर मशीन डीसी असेल तर रॉड धरणारा होल्डर मायनसला जोडून पाहावा, भोके पडण्याचे प्रमाण कमी होते. आमच्याकडच्या दमट हवेत उघडा राहिलेला रॉड ओल धरतो, हेही छिद्रांचे एक कारण आहे. दोन्ही टोके बंद असलेल्या पाइपला आधी एक बारीक भोक पाडावे, नाहीतर शेवटचा टाका बंद होताना आतली तापलेली हवा रस बाहेर फेकते.

पांढऱ्या धुराची गोष्ट अधिक गंभीर आहे. तो जस्ताच्या ऑक्साइडचा असतो, आणि दिवसभर बंदिस्त जागेत तो घेतलेल्या कारागिराला रात्री थंडी वाजून ताप येतो, जो सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. त्यावर दूध पिण्याची आपल्याकडची प्रथा मनाला धीर देत असेल, पण दूध पोटात जाते आणि धूर फुफ्फुसात, त्यामुळे तिचा भरवसा धरू नये. मोकळ्या हवेत वाऱ्याकडे पाठ न करता, धूर चेहऱ्यावर न येईल असे बाजूला उभे राहून काम करावे आणि धुरासाठीचा योग्य मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही.

जोड झाल्यावर स्लॅग नीट काढून तेथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यायला हवेत. प्रत्यक्षात तेथे बाजारातला साधा रुपेरी रंग फासला जातो. तो बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो आणि दिसायला पाइपसारखा असला तरी पोलादासाठी स्वतः झिजण्याचे जस्ताचे काम तो करत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंज चढतो तो नेमका या जोडांपासून.

कारागिरांना यातले काही माहीत नसते असे नाही. आपण ग्राहक किलोमागे किंवा चौरस फुटामागे भाव ठरवतो, आणि त्या भावात खरवडण्याचा वेळ आणि जस्तयुक्त रंगाचा डबा बसत नाही. माझ्या घरच्या शेडला मी हे दोन्ही वेगळे लिहून घेतले, त्यासाठी थोडे जास्त पैसे दिले, आणि रंग देण्याआधी प्रत्येक जोड स्वतः पाहिला.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, रत्नागिरी