खोल्या नंतर, आधी बाव

कोपरी, ठाणे (पूर्व)
२० जून

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

गावी पाहुण्यांसाठी बांधायच्या खोल्यांचा तुझा नकाशा मिळाला. मोबाइलवर काही दिसेना, म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा काढून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलाय. तुझे बाबा येता-जाता बघतात आणि काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांना आवडलाय. मला अर्धा आवडला. फोनवर तू बोलू देत नाहीस, "आई, तुला मार्केट कळत नाही" म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. जन्मभर पतपेढीत लोकांची कर्जप्रकरणं वाचली आहेत. मार्केट नसेल कळत, पण कर्ज कुठे बुडतं ते कळतं.

घरापुढच्या खळ्यात सहा एसी खोल्या, माडांच्या पुढे समुद्राकडे तोंड करून कॅफे, भोवती चिऱ्याचं कंपाउंड. सगळं सुबक काढलंयस. पण यात बाव, आपली विहीर, कुठे आहे? दोनदा शोधली. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसलं: "बोअर मारू."

बाबू, आपल्याकडे सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात बावीचा तळ दिसतो. ठाण्यातल्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण तू तर दर उन्हाळ्याची सुट्टी तिथे काढलीस. जांभा दगड पाणी धरत नाही, पडलं ते व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, समुद्राला मिळतं. आणि किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडं पाणी असतं ते खाऱ्याच्या वर, पातळ थरासारखं. कळशीने किंवा लहान पंपाने बेताने काढलं तर ते पुरतं. मोठा पंप लावून उपसलं की खालचं खारं वर येतं, आणि एकदा खारं झालेलं पाणी पुढच्या पावसाने लगेच गोडं होईल याचा भरवसा नाही. माडाला थोडं खारं चालतं. डाळ शिजायला चालत नाही.

आता तुझे सहा खोल्यांचे पाहुणे मोज. समुद्रातून आलेला माणूस आधी नळाखाली वाळू घालवतो, मग आंघोळ करतो, मग चादर-टॉवेल धुवायला टाकतो. हे सगळं नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा काकी पहाटे उठून बावीत किती पाणी चढलंय ते वाकून बघते. बाव आपल्या सातबाऱ्यात आहे, पण रहाटावर चार घरांचा हक्क आहे. तो कागदावर नाही म्हणून मोडता येतो, आणि म्हणूनच तो मोडू नये असं मला वाटतं. तुझ्या बोअरमुळे शेजारच्या आतूचं पाणी मचूळ झालं तर ती भांडायला येणार नाही. ती फक्त आपल्या खळ्यातून जायची बंद होईल.

संडासाचंही तेच. नकाशात सहा न्हाणीघरं आहेत, शोषखड्डा एक, तोही बावीच्या वरच्या अंगाला. वाळूत घाण थांबत नाही. इथे आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर चेंदणी कोळीवाडा आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी त्यांच्याच दारात येऊन थांबली. मग स्टेशन वाढलं, बाजार वाढला, शहर वाढलं आणि शहराचं सांडपाणी खाडीत गेलं. माझी कोळीण आता मुंबईच्या ससून डॉकचा माल विकते. विकास दाराशी येऊनही धंदा हातातून कसा जातो ते बघायला तुला लांब जायला नको, संध्याकाळी बाजारात तिच्या टोपलीपाशी उभं राहिलं तरी पुरे.

आता कॅफेबद्दल. जिथे तू तो काढलायस तिथे होड्या वर घेतात आणि रापण ओढतात. रापण म्हणजे माणसांचं काम: एक टोक किनाऱ्यावर धरून होडीतून जाळं गोल टाकायचं आणि मग दोन्ही दोर वाळूवर उभं राहून ओढायचे. जो हात लावायला येतो त्याला मासळीचा वाटा मिळतो. शाळकरी पोरगा आला तरी पिशवीत चार तारले घेऊन घरी जातो. तिथे तुझ्या खुर्च्या आणि छत्र्या लागल्या तर रापण कुठे ओढायची? ट्रॉलर, मोठी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांनी मासे पकडणाऱ्यांनी आधीच रापणकरांच्या नाकी नऊ आणले आहेत, त्यात घरच्याच माणसाने भर घालू नये. शिवाय ते बांधकाम कायद्यातही बसत नाही. आपल्यासारख्या विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम सांगणाऱ्या २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत स्थानिकांना एक चांगली सवलत मात्र आहे: आहे त्या घरात, जोतं, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता होम-स्टे चालवता येतो. म्हणजे कायद्यालाही तुझ्या सहा खोल्यांपेक्षा आपली पडवी जास्त पसंत आहे.

मग करायचं काय, म्हणशील. मांगर, म्हणजे आपलं सामानाचं जुनं घर, दुरुस्त कर. चिऱ्याच्या भिंती शाबूत आहेत, कौलं उतरवून वासे बदलावे लागतील. त्यात दोन खोल्या निघतील. बाकीचे पाहुणे काकीकडे, आतूकडे आणि वरच्या घरात. त्या घरात आबा एकटे राहतात, दोन खोल्या वर्षभर कुलपात असतात, पोरं इथे कळव्याला. प्रत्येक घरात एक संडास धड करायचा आणि एक खोली स्वच्छ ठेवायची, एवढाच खर्च. सरकारची निवास व न्याहारी योजना याच साच्याची आहे, नोंदणी करून टाक. फोन, बुकिंग, फोटो, हिशोब तू बघ, ते तुला चांगलं जमतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मंडणगडजवळ वेळासला बघ. सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला आज लांबलांबून माणसं येतात आणि गावातल्या घरांत राहतात, घरातलं जेवतात. ज्या गावात अंडी चोरली जायची तिथे आता घरटं राखणं हे घराघराच्या मिळकतीशी जोडलं गेलं. तुझ्या वाटेवरचंच वेंगुर्ल्याचं उदाहरण घे. मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. ज्या बायकांचं काम किनाऱ्यावर मासे विकण्याचं, त्या होडीत बसून शहरातल्या लोकांना मुळं कशी श्वास घेतात ते समजावतात. तू ऐरोलीला नोकरीत असताना आपण तिकडच्या किनारी जैवविविधता केंद्रात फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, आठवतं? बोट कधी सुटणार ते भरती-ओहोटीवर ठरतं, म्हणून तू वैतागला होतास. मला तेच आवडलं होतं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, वेळ खाडीची.

तुझ्या कागदावर "कुक १, हाउसकीपिंग २, आउटसोर्स" असं लिहिलंय. वाडीत तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करणाऱ्या इतक्या बायका असताना स्वयंपाकी बाहेरून कशाला?

ताटाचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळा हिशोब त्यात आहे. मे महिन्यात मी काकीकडे होते तेव्हा पुण्याचे पाहुणे आले होते. दुपारचं ताट वाढलं: सुरमईचा तळलेला तुकडा, कोळंबीची आमटी, भात, सोलकढी. पाहुणे खूश. मग मी काकीच्या वहीत बघितलं. सुरमई मालवणच्या लिलावातली, मोठ्या हॉटेलवाल्यांनी भाव चढवलेली. कोळंबी बर्फातली. तांदूळ दुकानातला. गावातलं म्हणाल तर नारळ आणि कोकमाचं आगळ. पाहुण्यांचे पैसे वाडीत आले, एक रात्र राहिले आणि सकाळी पिशवी घेऊन मालवणला गेले. त्याच दिवशी खाली रापणीला मुडदुशे आणि तारले लागले होते, निम्मे व्यापाऱ्याने पडेल भावात उचलले. मी काकीला विचारलं तर म्हणाली, "पावण्यांका सुरमयच होयी, मी काय करतलंय?"

तू हे कर. बुकिंग घेतानाच सांग की जाळ्यात येईल ते ताटात येईल. ताजा मुडदुसा तळून वाढला की सुरमई कुणाला आठवत नाही. सकाळी घावणे आणि रस, संध्याकाळी खापरोळ्या. तांदूळ आबांच्या मळ्यातला, कमी पडला तर वरच्या वाडीतला. आठवड्याला वही काढून बघ की ताटातला किती पैसा गावात राहिला. खोल्या किती भरल्या याच्यापेक्षा मला तो आकडा कळव.

पावसाचं गणित तू नीट मांडलेलं नाहीस. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद. तुझ्या कर्जाचा हप्ता मात्र सहा एसी खोल्यांचा, बारा महिन्यांचा. पावसात येणारे पाहुणे थोडे, पण ते शांत असतात. टाकळ्याची भाजी, अळूचं फदफदं, पडवीत बसून पाऊस बघणं त्यांना चालतं. (काही ठिकाणी म्हणे लावणीच्या चिखलात उतरायचे पैसे घेतात. आम्ही फुकट उतरलो, वर सासूची बोलणी खाल्ली.) हंगाम आठ महिन्यांचा धरून चाल आणि होडीवाल्या पोरांना पावसात काय काम देता येईल ते आत्ताच ठरव. आपल्या वाडीतली तीन-चार पोरं तारकर्लीला दुसऱ्याच्या बोटीवर रोजावर जातात. १९९७ पासून आपला जिल्हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा आहे, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२१ ला चिपीच्या विमानतळावर विमान उतरलं, आणि पोरं अजून रोजावर. त्यांना आपल्या धंद्यात वाटा दे, रापणीसारखा.

होडी काढाल तेव्हा लाइफ जॅकेटशिवाय एकही माणूस चढवायचा नाही, आणि जितकी माणसं परवान्यात तितकीच. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ बोट उलटून दोन पर्यटक गेले ते आठव. ओळखीचा असो, आमदाराचा पाहुणा असो, नाही म्हणायला शीक.

आता पैशांचं. सहा खोल्यांना माझ्या ठेवीतला रुपयाही मिळणार नाही, बाबांना मस्का लावू नकोस. बावीचा गाळ काढून कठडा बांधायला, कौलांवरचं पाणी टाकीत घ्यायला आणि चारही घरांच्या संडासांना सेप्टिक टँक घालायला लागतील ते मी देते. टँक बावीपासून लांब आणि उताराच्या खाली, जागा मी येऊन दाखवीन. मांगराच्या दुरुस्तीला कर्ज काढायचं तर ते काकीच्या नावावर काढ. महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलंय, १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो, १२ टक्क्यांच्या मर्यादेत. पण एक अट माझी: नाव काकीचं आणि चेकबुक तुझ्या खिशात, असं चालणार नाही. पतपेढीत असली प्रकरणं मी लांबूनच ओळखायची. सही काकीची, पैसे काकीच्या खात्यात, आणि तुला पगार काकी देणार. तुला हे कमीपणाचं वाटत असेल तर आत्ताच सांग.

ग्रामसभेत विषय मांडशील तेव्हा आधी रापणकरांशी बोल, मग सरपंचांशी. उलटं केलंस तर गावभर होईल की ठाण्याचा मुलगा किनारा घ्यायला आलाय.

मी गणपतीला येतेच आहे, तिकीट वेटिंगला आहे, नाहीतर एसटीने. तोवर नकाशा नव्याने काढून पाठव, या वेळी चारही घरं, बाव, होड्यांची जागा आणि व्हाळ दाखवून. आणि तुतारी एक्सप्रेसने कुणी येणार असेल तर आतूकडून आगळाच्या दोन बाटल्या पाठवून दे, इथलं बाजारचं आगळ नुसतंच लाल आहे.

तुझी,
आई