बूट एक नव्हे, दोन

संपादक महोदय,

इंग्रजी ‘बूट’चे सगळे अर्थ पायताणातून ओढूनताणून काढण्याची खोड भाषांतरांत सर्रास दिसते. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि कोशात त्यांच्या नोंदीही वेगळ्याच हव्यात. पायातला बूट जुन्या फ्रेंचमधून आला. दुसरा अस्सल जुना इंग्रजी. अर्थ फायदा, भरपाई, उपाय. ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ त्याचेच भाऊबंद. म्हणून ‘टू बूट’ म्हणजे ‘वर आणखी’ आणि ‘बूटलेस’ म्हणजे निष्फळ. तिथे ‘अनवाणी’ लिहिलं की वाक्याचा पार विचका होतो. (लुटीला ‘बूटी’ म्हणतात, तो शब्द जुन्या जर्मन बोलीतला. ‘लूट’ मात्र इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला.)

पायातल्या बुटाचं गोत मोठं आहे. इंग्रजांचा बूट निदान घोट्यापर्यंत तरी चढतो. आपण सरसकट बूट म्हणतो तो बहुधा त्यांचा ‘शू’. चढवताना ओढायला वरच्या काठाला पट्टी असते, ती ‘बूटस्ट्रॅप’. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला उचलणं अशक्य, म्हणून एकोणिसाव्या शतकात हा वाक्प्रचार टिंगलीचाच होता. १९५०च्या दशकात संगणकवाल्यांनी तो उचलला, आणि संगणक सुरू करणं म्हणजे ‘बूट’ करणं झालं. त्यांची अडचण नेमकी तीच: मेमरीत प्रोग्रॅम आणायला आधी एखादा प्रोग्रॅम लागतोच. जुन्या धाटणीच्या पीसीत बायॉस (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारा अंगभूत प्रोग्रॅम) डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे तुकडा, वाचतो. त्यात ४४६ बाइट कोड, ६४ बाइट पार्टिशनचा (डिस्कच्या विभागांचा) तक्ता आणि शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’. ही खूण पुसली गेली, तर डिस्क धडधाकट असूनही बहुतेक बायॉस तिच्यावरून बूट करत नाहीत.

ब्रिटिश गाडीचा ‘बूट’ म्हणजे आपली डिकी. हे नाव घोडागाडीच्या सामानाच्या कप्प्यावरून आलं. अमेरिकेत डिकीला ‘ट्रंक’ म्हणतात. तिथे गाडीला बूट लागला म्हणजे चाकाला जॅमर बसला. डेन्व्हर शहराने तो १९५५मध्ये वापरात आणला, म्हणून ‘डेन्व्हर बूट’. एक्सलच्या सांध्यावरचा घड्यांचा रबरी बूट, म्हणजे आवरण, आणखी निराळा. घडीत चीर पडली की ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं, धूळपाणी सांध्यात शिरतं आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो. तोवर सांधाच झिजलेला असतो, नुसता बूट बदलून भागत नाही. तेव्हा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत ‘बूट तपासा’ एवढंच छापू नये. कुठला बूट, तेही लिहावं.

आपला,
एक वाचक