लोरांजरीतल्या त्या बाईंना

बाई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. पॅरिसच्या त्वीलरी बागेतल्या लोरांजरी संग्रहालयात, चित्रकार मोनेने रंगवलेल्या कमळांच्या दालनात तुम्ही ड्युटीवर होतात. सुती साडीवर रेनकोट, पायात बूट आणि हातात काठी अशी एक भिजलेली म्हातारी आठवतेय? ती माझी आई.

तुमच्याकडे पोचेपर्यंत आमची पुरती शोभा झाली होती. 'पाऊस आहे, काकूंनी बसमध्येच बसावं, चित्रं काय गुगलवरही दिसतात,' हे आमच्या टूर मॅनेजरचं वाक्य. पैसे मात्र काकूंचेही पूर्ण घेतले होते! दुसऱ्या एका संग्रहालयाच्या दारात आईची काठी छत्री समजून काढून घ्यायला निघाले. काठी आहे हे कळल्यावर 'माफ करा' म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. मग बागेतून चालत तुमच्याकडे आलो. त्या पांढुरक्या खडीचा चिखल आईच्या साडीच्या काठाला लागला होता आणि 'असं कसं आत जायचं' म्हणून ती दारातच अडून बसली होती.

आत आल्यावर तिला काही दिसेना. 'सगळं धुरकट आहे गं,' म्हणाली. पेपर वाचताना जाते तशी थेट चित्राजवळ गेली, अगदी नाक टेकेल इतकी. तुम्ही झपझप आलात. मी 'सॉरी' तोंडात तयार ठेवलं होतं.

तुम्ही रागावला नाहीत. तिच्या कोपराखाली हात धरून तिला मधल्या बाकावर आणून बसवलंत. वर छताकडे बोट दाखवलंत आणि चिमटीने 'जरा थांबा' अशी खूण केलीत. एवढंच. तुम्ही तुमच्या कोपऱ्यात परत गेलात.

आम्ही थांबलो. कधीतरी वर ढग फाटले, छतातून उजेड उतरला आणि भिंतीवरचं निळं-काळं पाणी हिरवं, मग जांभळं होत गेलं. आई ओरडलीच, 'अगं, पाणी हललं!' लोक वळून बघायला लागले. तुम्ही लांबूनच भुवया उडवल्यात, 'सांगितलं होतं ना?' अशा.

घरी आल्यावर मी वाचलं. हा उजेड मोनेलाच हवा होता. १९६०च्या दशकात वर मजला चढवून तो अडवला होता, २००६ साली दुरुस्तीनंतर परत मोकळा केला. महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ला, मोनेने फ्रान्सच्या तेव्हाच्या पंतप्रधानाला, क्लेमांसोला, पत्र लिहून चित्रं देशाला देऊ केली. दालनं १९२७ साली उघडली, तेव्हा तो हयात नव्हता. १९२३ साली त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हे सांगितल्यावर आई एकदम खुलली. तिचाही मोतीबिंदू मिरजेत काढलाय. 'मग त्याला धुरकट म्हणजे काय ते ठाऊक होतं,' म्हणाली. तेव्हापासून मोने आमच्या घरात नात्यातल्यासारखा झालाय.

'मागे व्हा' म्हणणारी माणसं जगात भरपूर आहेत, आणि ते त्यांचं कामच असतं, मान्य. पण मागे होऊन कुठे बसायचं, कशाची वाट बघायची, हे सांगायला कुणाला पगार मिळत नाही. आमच्याकडच्या बँकेत, दवाखान्यात, देवळाच्या रांगेतही अशी एखादी व्यक्ती भेटते. तिच्या जिवावरच म्हातारी माणसं घराबाहेर पडायचं धाडस करतात, असं मला वाटतं.

टूर मॅनेजरने ग्रुपवर फीडबॅक मागितला होता. आईने मला तुमच्याबद्दल लिहायला लावलं, त्याच्याबद्दल अक्षर नाही. त्याला ते झोंबलं असावं, कारण नंतर आईच्या गुड मॉर्निंगला त्याचा अंगठा यायचा बंद झाला.

तिचा एक प्रश्न राहिलाय. तुम्हाला दिवसभर उभं राहावं लागतं, की त्या कोपऱ्यात बसायला खुर्ची देतात? देत नसतील तर कुणाला सांगायचं, ते ती मला रोज विचारते.

आईच्या वतीनेही, मनापासून आभार.