घरातले तीन स्वभाव

बंगळूर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू बाबांबद्दल म्हणालीस, "अख्खा वर्ग हसवणारा माणूस हा, आणि आता ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीलाही यायला नको म्हणतात. रिटायर झाल्यापासून बदललेच आहेत." तेव्हा मी 'बघू, बोलते त्यांच्याशी' एवढंच म्हटलं. पण मला बोलायचंय ते तुम्हा दोघांशी, आणि सावकाश. म्हणून हे पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आधी काळजीचं बोलून घेते. बाबांचं जेवण, झोप, वाचन यांत फरक पडला असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल किंवा घोळक्यातलं बोलणं नीट ऐकू येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. या वयात माणूस गप्प होण्यामागे अशी कारणं असू शकतात. पण तूच सांगतेस की पहाटेचं फिरणं चालू आहे, शब्दकोडं रोज सुटतंय, गच्चीतल्या कुंड्या वाढताहेत आणि एखादा जुना विद्यार्थी एकटा भेटायला आला तर बाबा त्याला उठू देत नाहीत. त्यावरून मला वाटतं, बाबा बदललेले नाहीत. ते पहिल्यापासून असेच आहेत. नोकरी होती तोवर दिसत नव्हतं.

एवढ्या खात्रीनं म्हणते, कारण माझा स्वतःचा स्वभाव मला कळला तो बाबांकडे बघून.

लहानपणी नात्यात माझ्याविषयी जे बोललं जायचं, त्यावरच माझं स्वतःबद्दलचं मत बनलं होतं. घुमी आहे, चारचौघांत मिसळत नाही, हिचं सासरी कसं होणार. पत्रिकेत राक्षसगण निघाला तेव्हा तर काहींना सगळ्याचा उलगडा झाल्यासारखं वाटलं. वाईट मनानं कोणी बोलत नव्हतं. पण मूल स्वतःला आधी दुसऱ्यांच्या शब्दांतून ओळखायला शिकतं, आणि ते शब्द मोठेपणीही सहजी सुटत नाहीत.

मग नोकरीत, एका प्रशिक्षणात, एमबीटीआय नावाची स्वभाव ओळखायची चाचणी द्यावी लागली. प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी चार अक्षरं हातात येतात. माणसांचे एकूण १६ प्रकार. माझं पहिलं अक्षर अंतर्मुखाचं निघालं. या चाचणीमागची हकिगत आई तुला आवडेल, कारण ती मायलेकींची आहे. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज यांच्या इझाबेलनं १९१८ मध्ये क्लॅरेन्स मायर्सशी लग्न केलं. जावई चांगलाच होता, पण त्याची विचार करायची रीत या घराहून अगदी वेगळी. हा असा का, या कुतूहलापोटी सासूबाई माणसांच्या स्वभावांचा अभ्यास करू लागल्या. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला होता. १९२३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं, ते कॅथरिननी वाचलं आणि त्यांना हवी ती मांडणी सापडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत कामाला लागल्या. कोणाला कुठलं काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी म्हणून इझाबेलनं प्रश्नावली करायला घेतली. दोघींपैकी एकीकडेही मानसशास्त्राची पदवी नव्हती. मला या हकिगतीतली सगळ्यात मोलाची वाटते ती तिची सुरुवात. आपल्याहून वेगळं माणूस घरात आलं, तेव्हा आपण कसे आहोत हा प्रश्न त्यांना पडला.

चाचणीवर मात्र मी फार विसंबत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. युंग स्वतः सांगत की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस असत नाही. आणि वर्णन वाचून 'अगदी मीच ही' असं वाटणं हा तर पुरावाच नव्हे. बर्ट्राम फोरर या प्राध्यापकानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी ते किती जुळतं याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. आई, रविवारच्या पुरवणीतलं तुझं राशिभविष्य दर वेळी जुळतं ते का, ते यावरून कळावं.

तरी त्या एका अक्षराचे माझ्यावर उपकार आहेत. मी जशी आहे तशी जगात पुष्कळ माणसं आहेत आणि त्यात दुरुस्त करण्याजोगं काही नाही, हे मला कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं. पुढचं शिकले ते माणसांकडून. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० मध्ये दाखवून दिलं की मनातली धास्ती, स्वतःबद्दलचा विश्वास अशा आतल्या गोष्टी आपल्याला स्वतःला नीट कळतात. पण बुद्धी, कल्पकता यांचा अंदाज आपल्यापेक्षा मित्रांनाच बरा येतो. मलाही तसाच अनुभव आला. मी माणसांना टाळते असं मी धरून चालले होते. माझ्या हाताखालची मुलं म्हणाली, तुमच्याइतकं लक्ष देऊन आमचं कोणी ऐकत नाही.

आता बाबा, तुमच्याबद्दल. तुम्ही शाळेतून यायचात, सायकल लावायचात, हातपाय धुवायचात आणि मधल्या खोलीत रेडिओही न लावता बसायचात. आई चहा आणून दिवसभराचं सांगायला लागायची, तुम्ही नुसतं हं हं करायचात. आई म्हणायची, सगळे शब्द शाळेतच संपवून येतात. तुम्ही रागावला आहात असं मला वाटायचं. गॅदरिंगमध्ये मुलांसाठी नकला करणारे तुम्ही आणि घरातले तुम्ही, हे एकच कसे, याचा मेळ बसत नव्हता. आज मी दिवसभर मीटिंग चालवते, लोकांना ते आवडतं, मलाही आवडतं. आणि संध्याकाळी घरी आले की कोणाशीच बोलावंसं वाटत नाही. अशाच एका संध्याकाळी तुमची ती मधली खोली डोळ्यांपुढे आली आणि तुम्ही तेव्हा काय करत होतात ते कळलं.

ब्रायन लिटल नावाचे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. व्याख्यान असं रंगवणारे की हार्वर्डचे विद्यार्थी त्यांच्यावर खूश असत. स्वभावानं मात्र पक्के अंतर्मुख. व्याख्यान संपलं की गर्दीपासून सुटका म्हणून ते चक्क स्वच्छतागृहात जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं असं की जिव्हाळ्याच्या कामासाठी माणूस आपल्या स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो. ते ढोंग नसतं, मनापासून असतं. पण त्यानंतर त्याला पूर्ववत व्हायला जागा आणि वेळ लागतो. बाबा, तुमचं जिव्हाळ्याचं काम म्हणजे ती मुलं होती. सहलीच्या बसमधल्या भेंड्या हे तुमचं तसं काम नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावांतल्या फरकाचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. माझ्यातलं हे तुमच्याकडून आलं असणार, आणि मला त्याचा आनंद आहे.

आई, तू म्हणशील, स्वभाव म्हणून सगळंच चालवून घ्यायचं का? नाही. तुझ्या दासबोधात दुसऱ्या दशकात आधी मूर्खलक्षणं येतात, मग रज, तम, सत्त्व, आणि शेवटी पढतमूर्ख. ऐकणारा मनातल्या मनात स्वतःला ताडून बघतो. मूर्खलक्षणं टाकून देण्यासाठी सांगितली, असं समर्थच म्हणतात. आळस, उद्धटपणा, दुसऱ्याला तोडून बोलणं हे टाकायलाच हवं, मग कुठल्याही चाचणीनं काहीही सांगो. गर्दीत थकणं मात्र त्या यादीत बसत नाही. तसंच, आई, माणसांत गेल्याशिवाय तुला करमत नाही, तेही त्या यादीत बसत नाही. तू बोलता बोलता विचार करतेस. भजनी मंडळातून आलीस की तुझा चेहरा उजळलेला असतो. बाबा बोलून झाल्यावर थकतात, तू गप्प बसून थकतेस. इतकी वर्षं घरात माणसांचा राबता होता म्हणून दोघांचं भागलं. आता घरात दोघंच आहात, म्हणून हे टोचतंय.

बाबा, एवढं मात्र कराच. संध्याकाळी चहाच्या वेळी आईचं ऐका. नुसतं हं हं नको, उलट विचारा. आणि कुठे येणार, कुठे नाही, ते तिला आधी सांगा, ऐन वेळी नको.

आणखी एक काम दोघांसाठी. आईनं बाबांबद्दल आणि बाबांनी आईबद्दल एक-एक पान लिहा: हा माणूस कशानं थकतो, कशानं खुलतो. मग पानं बदला आणि जिथे चुकलंय तिथे लाल पेननं खुणा करा. बाबांना ते जमेलच. माझ्याबद्दलही दोघांनी लिहिलंत तर मला हवंय.

सहलीचे पैसे भरायची तारीख जवळ आली असेल, आई, तर तुझं एकटीचं नाव देऊन टाक.

तुमची,
थोरली