२४ पोर्टच्या स्विचचं सेटिंग सेव्हच केलं नाही, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी ठाण्यात वागळे इस्टेटला एका अकाउंट्सच्या ऑफिसात काम करते. आम्ही १४ जण आहोत आणि पीसी, प्रिंटर, कॅमेरे हे सगळं माझ्याकडेच असतं. गेल्या महिन्यात तुमच्याकडून २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (सगळे पीसी, सर्व्हर, कॅमेरे केबलने ज्याला जोडतात तो नेटवर्कचा डबा, ज्यात सेटिंग करता येतं) घेतला आणि बसवून द्यायचे वेगळे ३,५०० रुपये भरले, बिलावर "इन्स्टॉलेशन व कॉन्फिगरेशन" असं लिहिलेलंय. स्विच चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार त्या कॉन्फिगरेशनची आहे.

तुमच्या इंजिनिअरला मी आधीच कागदावर लिहून दिलं होतं की ऑफिसचे पीसी आणि टॅलीचा सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये (म्हणजे त्याच स्विचवरच्या एका वेगळ्या नेटवर्कमध्ये), कॅमेरे दुसऱ्या, आणि क्लायंट लोकांच्या वायफायची जी वेगळी ब्रॉडबँड लाईन आहे तिचा राउटर तिसऱ्या व्हीलॅनमध्ये ठेवा. आमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट असतात, रिसेप्शनला बसलेल्या कोणाच्या मोबाईलवरून सर्व्हरपर्यंत पोचता येता कामा नये, म्हणून एवढा खटाटोप. त्यांनी तसं केलं, स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला आणि गेले. पासवर्ड मागितला तर "नंतर देतो" म्हणाले, तो आजपर्यंत आलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून टॅली रडायला लागलं. एक लेजर उघडायला मिनिट लागायचं, बॅकअप तर मधेच तुटायचा. मी टेबलाखाली वाकून बघितलं तर सगळ्या पोर्टचे दिवे हिरवे आणि ३ नंबरचा, म्हणजे सर्व्हरचा, नारिंगी. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय की हिरवा म्हणजे १००० एमबीपीएस आणि नारिंगी म्हणजे १०० किंवा १०. हेल्पलाइनला सांगितलं तर म्हणे केबल खराब असेल, बदला. बदलली. परत फोन, परत बदला. दोन नवीन केबल घेतल्या, दिवा नारिंगी तो नारिंगीच.

मग १९ तारखेला दुपारी लाईट गेली, दोन तास आली नाही, यूपीएस वीस मिनिटांत संपला. लाईट आल्यावर स्विच चालू झाला पण आतलं सगळं पुसलेलं, सगळे पोर्ट परत व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये. म्हणजे सेटिंग केलं पण सेव्ह केलंच नव्हतं, ते चालू मेमरीत होतं तोवर होतं. आता ऑफिसचा राउटर आणि क्लायंटचा राउटर एकाच नेटवर्कवर आले, दोघंही पीसींना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटायला लागले, ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता. निम्म्या पीसींना १९२.१६८.०चा पत्ता मिळाला आणि सर्व्हर बसलाय १९२.१६८.१०वर, त्यामुळे त्यांना टॅली दिसेना. दुसऱ्या दिवशी २० तारीख, जीएसटीआर-३बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचे राहिलेले, आणि पोरी नुसत्या स्क्रीनकडे बघत बसलेल्या. शेवटी मी क्लायंटच्या राउटरची केबल उपटली, सगळे पीसी रिस्टार्ट केले, तेव्हा सात वाजता काम सुरू झालं. सगळ्यांना घरी जायला साडेअकरा झाले, त्यातली एक बदलापूरला राहते.

आणि हे मुद्दाम सांगते. त्या संध्याकाळी ३ नंबरचा दिवा आपोआप हिरवा झाला. केबल तीच होती. तेव्हा तुमच्या इंजिनिअरचा व्हॉट्सअपचा फोटो मोठा करून बघितला, तर पोर्ट ३ पुढे "१०० फुल" असं फिक्स केलेलं दिसतंय, म्हणजे वेग १०० आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं), बाकी सगळीकडे ऑटो. एका बाजूला फिक्स फुल डुप्लेक्स आणि सर्व्हरच्या बाजूला ऑटो असलं की सर्व्हर स्वतःला हाफ डुप्लेक्स (एका वेळी पाठवणं किंवा घेणं, एकच) धरतो, दोघांची एकमेकांवर टक्कर होत राहते आणि डेटा परत परत पाठवावा लागतो. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, तर ऑटोच ठेवायचं असतं. हे मला आता वाचून कळलं, त्यांना ते येताना माहीत असायला हवं होतं. आम्ही तीन आठवडे केबलला दोष देत बसलो.

तुमच्याकडे फोन केला तर व्हिजिटचे १,८०० रुपये पडतील आणि तुम्ही स्वतः सेटिंगला हात लावलात तर सपोर्ट मिळणार नाही, असं उत्तर आलं. अहो, आम्ही पैसे भरलेलं काम अर्धवट राहिलंय, त्याची परत फी कशाची?

मला आता एवढं हवंय. सात दिवसांत इंजिनिअर पाठवा, एक पैसा न घेता. तिन्ही व्हीलॅन परत करून सेव्ह करा आणि माझ्यासमोर स्विचची लाईटची पिन काढून, परत लावून दाखवा. कोणत्या पोर्टला काय जोडलंय त्याचा तक्ता, कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल आणि ॲडमिन पासवर्ड माझ्या हातात द्या. दोन केबलचे ९०० रुपयेही परत करा, बिलं सोबत जोडली आहेत आणि तो फोटोपण. नाही झालं तर मी १९१५ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

क्लायंटचं वायफाय आज अकरावा दिवस बंद आहे. यायच्या आधी फोन करा, शनिवारी आम्ही दोनपर्यंतच असतो.

आपली ग्राहक,
वागळे इस्टेट, ठाणे