विषय : कन्सोलमध्ये निवडलेली फ्रेम आपोआप बदलण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

आमच्या कार्यालयाने आपल्या ब्राउझर-चाचणी सेवेचा वार्षिक परवाना घेतला आहे. त्यातल्या जावास्क्रिप्ट कन्सोलने (पानावर आज्ञा चालवून तपासणी करण्याच्या खिडकीने) आमचा जीव मेटाकुटीला आणला आहे.

आम्ही ऑनलाइन पैसे भरण्याची पाने तपासतो. कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही अशा प्रत्येक रकान्याची आयफ्रेम (पानाच्या आत बसवलेले दुसरे छोटे पान) वेगळी असते आणि ती पेमेंट गेटवेच्या, म्हणजे पैशांचा व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीच्या, डोमेनवरून येते, जेणेकरून दुकानाच्या कोडला कार्डाचा नंबर दिसू नये. आज्ञा कोणत्या फ्रेममध्ये चालवायची ते निवडण्यासाठी कन्सोलमध्ये जी यादी असते, त्या आपल्या यादीत मात्र या तिन्ही फ्रेम एकाच लांबलचक पत्त्याने दिसतात आणि तो पत्ताही अर्ध्यावर तुटतो. सीव्हीव्हीची फ्रेम कोणती, हे एकेक निवडूनच शोधावे लागते.

खरा ताप ओटीपीच्या वेळी होतो. ती फ्रेम निवडून मुद्दाम चुकीचा ओटीपी टाकला की फ्रेममधले पान पुन्हा लोड होते आणि कन्सोल गुपचूप ‘टॉप’वर, म्हणजे मुख्य पानावर, जाऊन बसतो. कुठे सूचना नाही, काही नाही. मग पानावरचा घटक शोधणारी ‘डॉक्युमेंट डॉट क्वेरीसिलेक्टर’ ही आज्ञा चालवली की उत्तर येते ‘नल’, म्हणजे काहीच सापडले नाही. लाल अक्षरांतला एरर मेसेज पानावर ढळढळीत दिसत असतो, आणि कन्सोलच्या लेखी तो घटकच नसतो! याच ‘नल’च्या भरवशावर आमच्या एका नव्या सहकारी मुलीने गेटवेकडे बग नोंदवला. त्यांनी तो परत पाठवला. तिला विनाकारण बोलणी खावी लागली, याचे मला फार वाईट वाटते.

‘विंडो डॉट फ्रेम्स’ या कोडमधून फ्रेमच्या आत जा, असे आपल्या प्रतिनिधींनी ईमेलवर सुचवले. ते एकाच ओरिजिनच्या, म्हणजे मुख्य पानाच्याच डोमेनवरून आलेल्या, फ्रेमपुरते ठीक. इथे ओरिजिन वेगळे असल्याने आतल्या डॉक्युमेंटला हात लावताच सिक्युरिटी एरर येते, आणि ती यायलाच हवी; लोकांची कार्डे त्यामुळेच सुरक्षित राहतात. म्हणजे कन्सोलमधून आत शिरायला आपली ती यादी हीच एक वाट उरते. क्रोममध्ये यादीतल्या नावावर माउस नेला की पानावरची ती फ्रेम उजळते. एवढे तरी आपल्याकडे असावे.

फ्रेम पुन्हा लोड झाली तरी आमची निवड कायम राहू द्या. ते जमत नसेल तर निवड बदलल्याची एक ओळ कन्सोलमध्ये छापा. यादीत पत्त्यासोबत फ्रेमचे नावही दाखवा. दुरुस्ती कधी होणार ते लेखी कळवा आणि तोवरचा काळ परवान्याच्या मुदतीत वाढवून द्या. स्क्रीन रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे.

आपली,
चाचणी विभाग प्रमुख, पुणे